घासेल तो बसेल

३ मार्च, सकाळी ८
दोन दिवस ट्रकने हाडं खिळखिळी करून माळावरच्या धावपट्टीवर पोचलो. चार माणसांचं छोटं विमान. उतरताना दगड उडून प्रोपेलरच्या पात्याचा टवका गेलाय. किरकोळ काम. कानशीने काठ घासायचा, तोल राहावा म्हणून दुसरं पातं तेवढंच घासायचं. संध्याकाळपर्यंत उरकणार.

३ मार्च, दुपारी
पायलटने वर्कशॉपच्या नियमाची आठवण करून दिली: बाहेरच्या कामात घासेल त्याने पहिल्या उड्डाणात शेजारी बसायचं. म्हटलं, त्यात काय! (एकोणीस वर्षं कामं वर्कशॉपमध्येच केली. बसायचा योग आला नाही, एवढंच.) जेवण गेलं नाही. ट्रकमुळे असणार.

४ मार्च
घाई नको. डावं पातं घासलं. उजवं जड वाटलं. उजवं घासलं. आता डावं जड.

५ मार्च, पहाटे ५
झोप नाही. उशी कडक आहे.

६ मार्च
पुस्तकातली मर्यादा आली. आणखी घासलं तर प्रोपेलर भंगारात. भेगा शोधायचा लाल रंग तीनदा लावला. एकही भेग नाही. नशीबच फुटकं! पायलटने विचारलं, काम पक्कं? म्हटलं, शंभर टक्के. मग चला, म्हणाला. म्हटलं, नव्वद टक्के. तो पांढराफटक पडला. त्याने लगेच ऑफिसला फोन केला: नवा प्रोपेलर पाठवा, सोबत तपासनीस पाठवा.
तपासनीस म्हणजे माझी बायको.
मला भीती वाटते. (हे वाक्य नंतर खोडणे.)

८ मार्च, सकाळी ११
बायको नवा प्रोपेलर घेऊन ट्रकने आली. तासभर मोजमाप केलं. म्हणाली, अहो, इतकं सुंदर काम झालंय, नवा कशाला? बसा, याच विमानाने घरी जाऊ. मी कंबर धरली, ट्रकने दुखतेय म्हटलं. तिने तपासणीच्या कागदावर सही केली आणि स्वतः चढून बसली.

११.४०
उडालं. पाती माझ्या हातची, आत माझी बायको. जन्मात इतका घाबरलो नव्हतो. उजवं खरंच जड होतं का?

दुपारी १.१५
बायकोचा मेसेज: पोचले. जराही थरथर नाही. तुमच्या हाताला तोड नाही.
डोळे पुसले. पुढच्या वेळी नक्की बसणार. लेखी देतो.

संध्याकाळी ६
ट्रकमध्ये. मागे नवाकोरा प्रोपेलर, तसाच परत. पुढे घाट आहे. ड्रायव्हर फारच हळू चालवतोय. कारण विचारलं. म्हणाला, बाईंनी बजावलंय, घाटात सावकाश जा, साहेबांना भीती वाटते.
म्हटलं, बाई उगाच काळजी करतात.
पण हळूच जाऊ दे, म्हटलं.