टेकडी कुणी खाल्ली

प्रिय चिमट्या,

हे पत्र मी नाकाला रुमाल बांधून लिहितेय, तेव्हा अक्षराला नावं ठेवू नकोस. बाल्कनीत वर्तमानपत्रांवर वापरलेल्या चहाचा चोथा पसरलाय. नीट न वाळवता डब्यात भरला, त्याला पांढरी लव आली, म्हणून आता पुन्हा उन्हात. घरभर असा कुबट वास सुटलाय की सकाळपासून घास घशाखाली उतरलेला नाही. शेजारी अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे, टूथपेस्टची टोपणं, आणि अंग घासायचे जुने स्पंज, कुणाकुणाच्या अंगाला लागलेले देव जाणे. तुला वाटेल, ताई जुन्या आठवणी काढत बसलीय. नाही रे बाबा. हा उकिरडा आजचा आहे, आणि तो मांडलाय आपल्या बाबांनी.

हो, आपल्याच बाबांनी. तीस वर्षं प्रयोगशाळेत पाण्याचे नमुने तपासून ज्यांना प्रत्येक पेल्यात जंतू दिसायचे, जे दाराची कडीसुद्धा कोपराने सरकवायचे, तेच. परवा वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाईंनी मला जिन्यात गाठलं आणि हळू आवाजात विचारलं, वडिलांना घरात काही कमी पडतंय का, कारण ते बाईंच्या कचऱ्याच्या डब्यात हात घालून टोपणं वेचत होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तू असाच पसारा मांडायचास तेव्हाही मला शिसारीच यायची, आता लपवून काय करू. ते बोटाएवढे सैनिक, फासे टाकून त्यांच्या लढाया, आणि त्यांना लढायला कचऱ्यातून उभी केलेली तुझी गावं. स्पंजचे तुकडे हिरव्या रंगात बुडवले की झुडपं, गोंदावर चोथा भुरभुरला की माती, अंड्यांचा ट्रे फाडला की भिंतीचे दगड. लोक वाहवा करायचे. त्यांना काय जातं? त्याच टेबलाच्या दुसऱ्या टोकाला मी लोकांचे कपडे शिवायचे आणि माझ्या कात्रीवर मुंग्या चढायच्या. तुझ्या त्या देखाव्यांच्या स्पर्धेच्या आदल्या दिवशी तर तुझी ओली माती माझ्या गिऱ्हाइकाच्या पांढऱ्या रेशमी झग्यावर सांडली. झगा सकाळी द्यायचा होता. तू म्हणालास, असू दे ताई, आता तोही लढाईवर जाऊन आला. आणि हसलास.

स्पर्धेसाठीची ती मोठी टेकडी अडीच महिने चालली होती. थर्मोकोलचे थर कापून एकावर एक चिकटवलेले, वर तटबंदी, फक्त गोंदाचा शेवटचा थर आणि रंग बाकी. स्पर्धेच्या सकाळी तू उठलास तेव्हा ती मधोमध खचलेली, भोकं पडलेली, आणि बाजूला बाबांचा मुंग्या मारायचा फवारा. गोंदाचा थर दिल्याशिवाय थर्मोकोलवर रंगाचा फवारा मारला तर ते विरघळतं, हे तू आम्हाला शंभरदा ऐकवलं होतंस, त्यामुळे कुणाला शंकाच आली नाही. तू त्यांना काय काय बोललास ते पुन्हा लिहीत नाही. बाबा एवढंच म्हणाले की फवारा मी मारला खरा, पण मुंग्यांवर. तू बॅग उचललीस. नऊ वर्षं झाली, अजून त्यांनी फोन घेतला की तू ठेवून देतोस.

चार महिन्यांपासून ते तीच टेकडी पुन्हा बनवतायत. तुला पाठवायची, मग तू बोलशील, असा बेत. टेकडी कसली, एका बाजूला कललेलं गळू आहे नुसतं. पण मंगळवारी त्यांच्यातला तपासनीस जागा झाला. या वेळी तरी चूक नको, मुंग्यांवर फवारा किती लांबून मारला तर चालेल, हे बघायला त्यांनी थर्मोकोलचे सहा तुकडे मांडले, प्रत्येकाला अंतराची चिठ्ठी लावली. फवारा तोच, इतकी वर्षं ते दुसरा आणतच नाहीत. शेवटच्या तुकड्यावर तर अगदी टेकवून मारला. काही झालं नाही. तुकडे ओले झाले आणि वाळले. बाबांनी सहाही तुकडे उलटसुलट करून पाहिले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मग टेकडी कुणी खाल्ली गं?"

मी म्हटलं, उंदरांनी. त्यांनी मान डोलावली, सातवी चिठ्ठी लिहिली, 'उंदीर?', आणि भिंग शोधायला उठले.

उंदीर नव्हते रे. मी होते. त्या दिवशी पहाटे उठून झग्यावरचा तो डाग घासत होते. साबण झाला, लिंबू झालं, शेवटी नखांचा रंग उतरवायची बाटली काढली. तीही हरली, तेव्हा भिजलेली चिंधी मी रागाने भिरकावली, ती तुझ्या टेकडीवर पडली. जिथे पडली तिथे टेकडी बसत गेली. इथपर्यंत चुकून. पण उरलेली अर्धी बाटली मी उभी राहून, सावकाश, तटबंदीवर ओतली, ते चुकून नाही. मला बरं वाटत होतं. मग चिंधी उचलली, वास जायला खिडकी उघडली, आणि बाबांचा फवारा होता तिथेच राहू दिला. तू त्यांना बोलत होतास तेव्हा मी दाराशीच उभी होते. आता त्या चोथ्याला नाक मुरडते आणि मंगळवारपासून स्वतःच्या तोंडाचीच किळस येते. आज संध्याकाळी बाबांना सांगणार आहे. हे पत्र त्याआधी टपालपेटीत टाकते, म्हणजे पुन्हा उंदीर निघायला नकोत. माझ्याशी बोलू नकोस वाटलं तर, पण त्यांचा फोन घे. आणि चोथा पूर्ण वाळल्याशिवाय डब्यात भरायचा नसतो, एवढं त्यांना सांग. माझं ते ऐकत नाहीत.

तुझीच, अजून म्हणवून घेत असशील तर,
ताई