हिरव्या डागांच्या बॉयलर सूटसह माझी मालमत्ता

मी, खाली अंगठा उमटवणारी, वय वर्षे एक्याऐंशी, अक्षरशत्रू, हे मृत्युपत्र राजीखुशीने सांगते. डोकं ठिकाणावर आहे. ज्यांना शंका असेल त्यांनी येऊन विचारावं, उसन्या नेलेल्या पातेल्यांसकट सगळं सांगेन. लिहिते नात. तिने मधलं गाळू नये म्हणून दर कलमाला मी एक बटण वाटीत टाकते आहे.

"आजी, माझ्यावर विश्वास नाही?"

आहे गं. नाहीतर वकील आणला असता.

कलम एक. राहतं घर सुनेला. मुलाला नाही. मागच्या महिन्यात तो टेप घेऊन माझी खोली मोजत होता. "सहज गं आई." सहज कोणी भिंती मोजत नाही. शिवाय समोर येईल त्या कागदावर तो सही करतो. त्याने या घरात सुखाने राहावं, बायको ठेवील तोवर.

कलम दोन. शिलाई मशीन आणि जड इस्त्री नातीला. ती इस्त्री मी एकोणीस वर्षं बोटीच्या लाँड्रीत चालवली. ती बोट समुद्राच्या तळावर पाइप टाकायची. नांगर न टाकता एका जागी उभी राहायची, आणि तिच्या पोटात चौकोनी भोक होतं, त्यातून यंत्रं खाली सोडायचे. शंभरावर माणसांचे बॉयलर सूट माझ्याकडे यायचे. नंबर वाचता येत नसे, म्हणून मी प्रत्येकाच्या कॉलरमध्ये वेगळ्या रंगाचा नाहीतर वेगळ्या टाक्याचा दोरा घातला होता. पिवळा फक्त डेकच्या फोरमनचा.

कलम तीन. पलंगाखालच्या ट्रंकेत एक न धुतलेला बॉयलर सूट आहे. कॉलरला पिवळा दोरा, गुडघ्यांवर आणि बाहीवर हिरवा रंग. हात लावायच्या आधी हे ऐका.

वजन उचलायच्या तारेच्या दोरांना स्लिंग म्हणतात. दर सहा महिन्यांनी एकेक स्लिंग तपासायची, चांगली निघाली तरच तिला नवा रंग लावायचा. जुन्या रंगाची बाद. तपासणीला दोन दिवस लागत, आणि काम रिगरांचं, म्हणजे वजनं बांधून उचलणाऱ्यांचं. त्या खेपेचा रंग हिरवा. आमचे हे रिगर होते. तेव्हा सगळे रिगर दिवसभर पाइपावर जुंपलेले, तरी संध्याकाळी झाडून सगळ्या स्लिंग हिरव्या. आणि हा सूट माझ्या टोपलीत. मला संशय आला, म्हणून मी तो बाजूला ठेवला. बोलले मात्र नाही. ती चूक माझी, ती कोणाला वारसाहक्काने देत नाही.

आठच दिवसांनी स्लिंग तुटली. खोलीएवढा लोखंडी सांगाडा यांचा पाय चिरडून समुद्रात गेला, स्लिंगही त्याच्याबरोबर तळाला. चौकशीच्या साहेबांनी लिहिलं, रिगरने न बघता जुन्या रंगाची स्लिंग लावली. यांची नोकरी गेली, पाठोपाठ नावही. बाजारातसुद्धा लोक "तो निष्काळजी रिगर" म्हणून दाखवायचे. मरेपर्यंत हे एकच सांगत होते, "हिरवी होती गं." मला माहीत होतं. पण लाँड्रीवालीचं कोण ऐकणार, आणि माझ्या पगारावर घर होतं.

पुढे मुलाने नेमकी त्याच फोरमनची मुलगी पसंत केली. हे म्हणाले, "पोरीने काय केलंय?" काही नाही. म्हणून घर तिला.

कलम चार. आज साक्षीदार म्हणून मी मुद्दाम व्याह्यांना बोलावलं आहे. कलम तीन त्यांना वाचून दाखवलं. पुढचं बोलणं नातीने जसंच्या तसं लिहावं.

व्याही म्हणाले, "विहीणबाई, वरून एका दुपारची मुदत होती. तपासणार कधी?"

"मुदतीचं मी विचारलंच नाही. रंग कोणी लावला?"

"सही करायला बोलावलंत की झडती घ्यायला?"

"आधी झडती."

त्यांनी चहाची कपबशी बाजूला सारली. मग म्हणाले, "मी लावला."

"माझ्या कानात सांगून उपयोग नाही. लिहा."

त्यांनी खाली लिहिलं. मला वाचता येत नाही, आणि इतकी वर्षं गप्प राहिलेल्या माणसाच्या अक्षरावर माझा भरवसा नाही. म्हणून शेजारच्या डॉक्टरीणबाईंकडून वाचून घेतलं. नातीकडून घेतलं. मग स्वयंपाकघरातून सुनेला बोलावलं. व्याही म्हणाले, "तिला नको." मी कागद तिच्या हातात दिला. तिने उभ्यानेच मोठ्याने वाचलं:

"स्लिंग न तपासता मी हिरवा रंग लावला. तुटली ती हिरवीच होती. रिगरची चूक नव्हती."

तिघींनी तेच वाचलं. सुनेने मग वडिलांसमोर पेन ठेवलं आणि म्हणाली, "बाबा, सही राहिली."

करून देणार: डाव्या हाताचा अंगठा

साक्षीदार पहिले: व्याही, निवृत्त फोरमन (सही)
साक्षीदार दुसऱ्या: शेजारच्या डॉक्टरीणबाई (सही)

स्थळ: माझ्या घरची पुढची खोली
दिनांक: १२ मार्च २०२४, मंगळवार, दुपारचे चार