ब्लॅक अँड व्हाइटमधलं कुंकू

अण्णा, गावात रंगीत फोटोंचा स्टुडिओ निघाला तेव्हा तुम्ही आठवडाभर घरात कुणाशी धड बोलला नव्हतात. आता गंमत ऐका. इथे बेंगळुरूत लोक मोबाइलवर रंगीत फोटो काढतात आणि तो ब्लॅक अँड व्हाइट करून द्या म्हणून माझ्याकडे येतात. एचएसआर लेआउटमधल्या माझ्या दोन खोल्यांत ना डार्करूम आहे, ना फोटो धुण्याच्या हायपोचा वास. कॉम्प्युटर आहे आणि मी आहे. काम तुमच्याइतकंच चांगलं करते. काही बाबतीत जास्तच, रागवू नका.

लोकांना वाटतं, रंग काढून टाकला की झालं. तसं एका बटणात होतंही, पण फोटो मीठ विसरलेल्या आमटीसारखा लागतो. लाल पदर आणि हिरवं पान, दोन्ही एकाच करड्यात बुडतात. म्हणून मी प्रत्येक रंगाची पट्टी वेगळी सरकवते. निळा खाली ओढला की आभाळ गडद होऊन ढग उठून दिसतात, लाल वर नेला की चेहरा उजळतो. हे शिकायला मला क्लास लावावा लागला नाही. निपाणीच्या आपल्या स्टुडिओत बायका फोटोला बसल्या की तुम्ही आईची काजळाची डबी पुढे करायचात, कुंकवावर काजळ लावा म्हणून सांगायचात. मी बाजूला उभी राहून विचारायचे, "लाल छान दिसतंय की, काळं कशाला?" तुम्ही कॅमेऱ्यावरच्या कापडाखालून डोकंही बाहेर काढायचा नाहीत. "तुला दिसतंय. फिल्मला विचार जा." त्यावर त्या बायका हसायच्या आणि मला राग यायचा.

मागच्या महिन्यात चिकपेटेतले एक साड्यांचे दुकानदार आले. पिढ्यान्‌पिढ्या इथलेच मराठी. त्यांची बायको नुकतीच गेली होती. घरच्या भिंतीवर गेलेल्या सगळ्यांचे फोटो ब्लॅक अँड व्हाइट, तेव्हा हिचाही तसाच हवा होता. पुतणीच्या लग्नातला रंगीत फोटो त्यांनी आणला होता. मी लाल पट्टी वर नेली, चेहरा असा काही उजळला की मीच खूश. ते मात्र स्क्रीनजवळ वाकले.

"अक्का, चेहरा भारी केलासा. पण कुंकू कुठं गेलं हो? आमची मंडळी सवाष्ण गेली. मी हाय की अजून, तुमच्यासमोर बसलोय."

मी फोटो मोठा करून पाहिला. कपाळ कोरं होतं. नवरा समोर बसलेला असताना मी त्या बाईला विधवा करून टाकलं होतं. "स्वल्प थांबा," म्हटलं आणि लाल पट्टी पार खाली ओढली. कुंकू काळंभोर झालं, पण चेहराही काळवंडला. मग नारिंगी तेवढा वर नेला, कारण आपल्या कातडीत लालापेक्षा नारिंगीच जास्त असतो. चेहरा पुन्हा उजळला आणि कुंकू जागेवर राहिलं. काजळ लागलं नाही, अण्णा. "आता सरी, बराबर झालं," एवढंच ते म्हणाले आणि रुमालाने डोळे टिपू लागले. मला माझा फार अभिमान वाटला.

त्याच आठवड्यात आई राहायला आली. गॅलरीत बसवून तिचा फोटो काढला, पिवळ्या साडीत. तुम्ही गेल्यापासून तिने कुंकू लावलेलं नाही, हे तुम्हाला कळायला मार्ग नव्हता. तो फोटो मी रंगीतच ठेवला आणि कॉम्प्युटरवरच तिच्या कपाळावर कुंकू रेखून पाहिलं, गोल, ठसठशीत, लाल. काय सुंदर दिसली हो ती! तेवढ्यात स्वयंपाकघरातून तिने विचारलं, "बघू गं, कसा आलाय?"

मी आधी ते पुसलं आणि मग तिला हाक मारली. हे पत्र पाठवायला तुमचा पत्ता नाही, आणि तिच्या हातात द्यायची माझी छाती नाही. एवढं सगळं येतं मला, पण "आई, लाव ना" एवढं काही म्हणता आलं नाही.