परतीचा रकाना

३ मार्च, सोमवार

फाईल सापडत नाही. निळी, प्लास्टिकची, वर त्याच्या अक्षरात ‘नामिबिया – १४ दिवस’. कपाट, पलंगाखालचा बॉक्स, गाडीची डिकी – सगळं पालथं घातलं. संघर्ष जानेवारीत झोपेतच गेला, अडतिसाव्या वर्षी. आणि मला नवऱ्याची एक फाईल सांभाळता आली नाही. शाब्बास, तेजल!

हे लिहितानाही काही वाटत नाहीये. नुसतं लिहितेय.

४ मार्च

कॉलेजच्या ऑफिसातून हाफ डे घेऊन गंगापूर रोडला ट्रॅव्हल एजंटकडे गेले. रविराज नाव. ‘मॅडम, सर काय माणूस होते!’ म्हणाला आणि लगेच स्क्रीनकडे वळला. बरं वाटलं. लोक बघत बसतात ते नको होतं.

२४ ऑगस्टला मुंबईहून निघायचं. पहिला आठवडा वाळवंट, दुसरा जंगल. जाण्याची दोन तिकिटं झालीत. परतीची नाहीत – नामिबियाच्या राजधानीतून, विंडहूकहूनच यायचं की केप टाउनही करायचं, हे संघर्षचं ठरत नव्हतं. त्याचं कधी काही ठरायचं का! भाजी आणायला गेला तरी दोन फोन.

‘रद्द करायचं असेल तर एक अर्ज द्या.’

दिवसभर मी पोरांचे अर्ज घेते. हा एक लिहवेना. जायचं असेल तर अर्ज लागत नाही, म्हणून म्हटलं, जाते.

‘एकट्या?’

‘हो.’

‘मग सरांचं काढून टाकतो. परत कधी, मॅडम?’

‘बघू.’

६ मार्च

येवल्याहून आईंचा फोन. सासूबाईंना मी आईच म्हणते. पासष्टीला आल्या, डोळ्याचं ऑपरेशन झालंय, तरी पैठणीच्या मागावर बसतात. मला वाटलं, विधवा सून परदेशात फिरायला चालली म्हणून काहीतरी ऐकवतील. तर म्हणाल्या, ‘तिकडची वाळू कसल्या रंगाची हे गं?’

‘तांबडी. जर्दाळूसारखी.’

‘असं होय.’ मग, ‘माघारी कधी?’

‘बघू.’

१९ मार्च

वरण करपलं. वास आला, उठले नाही.

२ एप्रिल

रविराजने सामानाची यादी पाठवली. कपडे खाकी, राखाडी, मातकट. भडक रंग नको, जनावरं बुजतात. कपाट उघडलं. जानेवारीपासून जे पुढे लावलंय ते सगळं मातकटच! कुणी सांगितलं नव्हतं. आईंनी तर संघर्षच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशीच बजावलं होतं, ‘रंगाचं घाल, आपल्यात तसलं काय नसतं.’ मी हो म्हटलं होतं.

म्हणजे खरेदीची गरज नाही. यादीवर टिक केली.

२७ एप्रिल, रविवार

आई आठवड्यातून दोनदा फोन करतात. बोलणं ठरलेलं. जेवलीस का. ऊन लय हे. माघारी कधी. मी म्हणते, तुम्हीच इकडे या थोडे दिवस. ‘माग रिकामा झाल्याबिगर नाय येत.’ कुणाची ऑर्डर आहे विचारलं, तर ‘हे एकीची.’

पलीकडून फटक-फटक आवाज येत होता. फोन कानाला लावून विणत होत्या!

२ मे

ऑफिसातली मनीषा – ‘अगं, सिंह-बिंह! मजा आहे बाबा तुझी!’ मग जीभ चावली. मी हसले. हसायला जमतं.

११ मे, रविवार

आई म्हणाल्या, ‘उद्या पौर्णिमा हे, विहारात खीर हे, ये.’ नाही गेले.

दुपारभर पंख्याखाली पडून रविराजने पाठवलेला कार्यक्रम वाचत होते. दिवस पाचवा, पहाटे वाळूच्या टेकडीवर चढणे. चढेन. उतरायचं कशाला? परत यायचं तरी कशाला – असं मनात आलं. पंखा फिरत होता. मनात आलं त्याची भीतीसुद्धा वाटली नाही. हे कुणाला सांगितलं नाही. इथे लिहिलं, बस्स.

३० मे

रविराज चिडलाय, पण गोड बोलतो. ‘मॅडम, परतीच्या तिकिटाशिवाय व्हिसा नाही. फॉर्म भरून ठेवलाय, एकच रकाना राहिलाय. १० जूनच्या आत सांगा, नाहीतर सगळंच जाईल.’

फॉर्म मोबाईलवर उघडून बसले. नाव, गाव, पासपोर्ट नंबर. परतीची तारीख – रिकामं. कितीतरी वेळ बघत होते. एक आकडा सुचेना.

५ जून

आई – ‘शनिवारी साडी उतरवायची. तू आल्याबिगर कापत नाय.’ माझं काय काम? ‘जिची साडी तिनं समोर असावं. आमच्यात तसंच हे.’

७ जून, शनिवार

एसटीने येवल्याला गेले. मागाच्या वर, खिळ्याला, निळी फाईल! जानेवारीतच उचलून नेली होती म्हणे आईंनी. मी घर उलथंपालथं केलं, स्वतःला काय काय बोलले!

‘अहो, सांगायचं तरी!’

‘तू दिली नसतीस.’

साडी तांबूस, जर्दाळूच्या रंगाची. पदर उलगडला. मोर नाही, पोपट नाही. हरणं! संघर्षने फाईलवर चिकटवलेला फोटो होता ना, लांब सरळ शिंगांचा ओरिक्स – तेच, एकामागं एक, रेशमात. ऑफिसच्या प्रिंटरवरचा काळा-पांढरा फोटो, म्हणून मार्चमध्ये वाळूचा रंग विचारला होता. ‘मोर तर मी झोपेत विणीन. ह्या शिंगांनी जीव खाल्ला माझा!’

चौदा हरणं. मोजली. तेरा एका दिशेनं चाललीत, शेवटचं उलट्या तोंडाचं. चूक. ऑपरेशन झालेला डोळा, नवी नक्षी – होणारच. एवढं उसवायचं म्हणजे किती दिवस जातील! गप्प बसले. कात्री त्यांनी माझ्या हातात दिली.

‘यादीत भडक रंग चालत नाही, आई.’

‘बुजू दे जनावरांना.’

८ जून, रविवार

राहवेना. फोन करून विचारलंच – शेवटचं हरीण उलटं झालंय, माहीत आहे ना?

‘झालं नाय, केलंय. ते माघारी येतंय. किती येळा विचारलं तुला, तू आपली बघू, बघू. एक लेकरू गेलं माझं, तेजल. दुसरं मला माघारी पाहिजे.’

रविराजला मेसेज केला – परत, ६ सप्टेंबर. मग रडले. ओट्याला धरून, मोठ्यानं – जानेवारीपासून पहिल्यांदा.