आठ मात्रांची जागा

कोंढा, ता. पवनी
रविवार, १४ सप्टेंबर २०२५

ती. भुपेंद्र भाऊजी यांस,
धनंजयचा शि. सा. नमस्कार वि. वि.

पत्र पाहून तुम्ही आधी हसाल आणि मग रीनाताईला विचाराल, की तुझ्या भावाचा मोबाइल हरवला काय. हरवलेला नाही. आपल्या घरात फोनवर बोललेलं सगळं बाबांच्या खाटेपर्यंत ऐकू जातं, आणि मला विचारायचं आहे ते बाबांविषयीच. शिवाय फोनवर तुम्ही माझं एक वाक्य पुरतं होऊ देत नाही.

इकडे सर्व ठीक. तलाव काठोकाठ आहे, धान पोटरीवर आला आहे. तुम्ही आखाडीला नेलेला स्टीलचा डबा अजून परत आला नाही, हे चंदानं मुद्दाम लिहायला सांगितलं आहे, आणि बायकोचं ऐकावं लागतं.

बाबांच्या घशातली गाठ काढून सहा महिने झाले. डॉक्टर म्हणाले होते, वरचा आवाज गेला; खालचा, खरखरीत का होईना, राहील; बोलत जा. बाबा बोलत नाहीत. पाटीवर लिहितात. मी एकदा फारच मागे लागलो तेव्हा लिहिलं, की हा आवाज माहा नाही. त्यानंतर मी विचारणं सोडलं. ते बरं केलं की वाईट, अजून ठरवू शकलो नाही.

कोजागिरीच्या दुसऱ्या पहाटेपासून विठ्ठलाच्या देवळात काकडा सुरू होईल. चाळीस वर्षं ती भजनं बाबांनी उचलली. आता पुरुषांच्या ओळीत आम्ही सात जण, बायकांच्या ओळीत निर्मलाबाई धरून सहा. बाबांची पट्टी एकालाही लागत नाही. भजन सुरू होतं आणि दोन ओळींत खाली बसतं. मृदंगवाले मधुकरराव म्हणाले, यंदा राहू देऊ. मला काकड्याची भीती कमी वाटते, बाबांची जास्त. तिथं न जाताही ते महिनाभर खिडकीशी बसून भोंग्यावरून ऐकतील. तेही बंद झालं तर पहाटे उठायला त्यांना काय उरेल?

म्हणून विचारतो. बाबांची ओळ तुम्ही सॅक्सोफोनवर वाजवाल काय? तुळशीच्या लग्नापर्यंत तुमच्या बँडला तसंही काम नसतं. सोबत पेनड्राइव्ह आहे, त्यात २०१६ साली मी मोबाइलवर घेतलेला बाबांचा काकडा आहे. ‘कोण जागं हाय दारी’ हे आपल्या गावचं जुनं भजन नीट ऐका. त्यात तिसऱ्या कडव्यानंतर बाबा थांबतात आणि आठ मात्रा नुसते टाळ वाजतात. ती जागा मोकळीच आहे, तिथं तुमच्या मनाचं काही वाजवा.

एक प्रश्न तीन दिवस डायरीत लिहितो आणि खोडतो आहे. माणूस घरात बसलेला असताना त्याच्या आवाजाच्या जागी दुसरा आवाज बसवणं ही सेवा की घाई? बाबांना मी अजून विचारलेलं नाही. हे तुमच्यापासून लपवत नाही.

ताईला नमस्कार. लोभ असू द्यावा. मी फार प्रश्न विचारतो हे ठाऊक असूनही असू द्यावा.

आपला,
धनंजय

---

शहापूर
२२ सप्टेंबर २०२५

चि. धनंजय यास भुपेंद्रचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र भेटलं. मी हसलो, रीनाही हसली, म्हणजे तू लिहिलं तसंच झालं. मी तुझ्यासारखा कॉलेजच्या लायब्ररीतला माणूस नाही. बोलतो तसं लिहून राहिलो, चुका काढू नको.

वाजवाले मी तयार आहो. पण मामाजीले न विचारता काहून? आमच्या लग्नात मामाजी काय म्हणाले होते ते तुले मालूम आहे. पोरगी बँडवाल्याच्या घरी चालली, आता वरात कधी सरणारच नाही. वीस वर्षं झाली, दर दिवाळीले तो टोमणा ऐकतो अन् हसतो. तुलेच सांगतो, हसलो तरी टोचतोच, म्हणून विचारच असा जोर मीही करत नाही.

पेनड्राइव्ह ऐकला. तुझे बाबा म्हणजे कमाल माणूस. ओळीच्या मधात श्वास घेतात, जिथं कोणीच घेत नाही, अन् तिथूनच ओळ वर चढते. मी सूर तर घेतलेच, तो श्वासही घेतला. आठ मात्रांची काळजी करू नको. आमच्या वस्तादानं पहिल्या दिवशी शिकवलं होतं, की रिकामी जागा दिसली का भर. वरातीत दोन क्षण शांत राहिलं तर लोक म्हणतात बँडवाले जेवाले गेले. तिथं मी अशी तान टाकली, की रीना चुलीवरची भाजी सोडून बाहेर आली. काही बोलली नाही, उभी राहिली अन् आत गेली.

रोज येणं जमणार नाही, रविवारी येत जाईन. एक गोष्ट मंडळाले सांगून ठेव. थंडीत सॅक्सोफोनचा सूर उतरतो. म्हणून मी तो देवळापर्यंत शालीत गुंडाळून छातीशी धरून आणीन. नाहीतर म्हणतील, ताराचंदचा जवाई लेकरू घेऊन आला.

डबा सापडला, झाकण सापडून राहिलं नाही. चंदाले सांगू नको.

मामाजीले माझा नमस्कार सांग, पण कशासाठी ते सांगू नको. माया आहे ती राहू दे, कमी-जास्त मी पाहून घेईन.

तुझा,
भुपेंद्र

---

कोंढा
मंगळवार, १४ ऑक्टोबर २०२५

ती. भाऊजी यांस,
धनंजयचा शि. सा. नमस्कार.

रविवारी तुम्ही धान कापणीच्या गडबडीत देवळातूनच परत निघालात, म्हणून पुढचं लिहून कळवतो.

आधी मंडळाचं. तुम्ही शाल सोडली तेव्हा मधुकरराव म्हणाले, की नवरदेव कुठं हाय ते सांगा, मंग वाजवा. तेवढं तुम्ही ऐकलंत. पहिलं कडवं झाल्यावर ते माझ्या कानात म्हणाले, की आवाज ताराचंदचाच हाय, फक्त नाकातून येऊन राहिला. त्यांच्या तोंडून हे फार झालं. निर्मलाबाईंचं म्हणणं, यंदा पहिल्यांदा आम्हा बायकांना कळलं की आपला सूर कुठं ठेवायचा. मलाही तसंच वाटलं. तेरा माणसांची ओळ तुमच्या सुराला धरून उभी राहिली. तुमची ती तान आली तेव्हा बायका सगळ्या मान खाली घालून ऐकत होत्या. मला वाटलं ती दादच.

आता घरचं. चंदा तेव्हा बाबांना चहा द्यायला गेली होती. तिनं सांगितलं ते जसंच्या तसं डायरीत उतरवलं आहे. बाबा खिडकीशी बसले होते. पहिल्या कडव्याला बोटं मांडीवर ताल धरून होती. दुसऱ्यालाही. तिसरं झालं आणि बोटं थांबली. ते उठले, खिडकी लावली आणि पाटीवर लिहिलं, नको. त्यानंतर दोन दिवस पाटी कोरी आहे. जेवतात, अंघोळ करतात, पण माझ्याकडे पाहत नाहीत.

भाऊजी, चूक माझी. मी मुलगा म्हणून विचार केला नाही, मंडळाचा सचिव म्हणून केला. विचारलं असतं तर ते नाही म्हणाले असते, आणि ते मला माहीत होतं, म्हणूनच विचारलं नाही. हे वाक्य लिहायला मला दोन दिवस लागले.

येत्या रविवारी येऊ नका. बोलावलं मीच आणि थांबवतोही मीच, याची लाज वाटते. तुमच्या वाजवण्यात काही उणं नव्हतं. रागावलात तरी लोभ तोडू नका.

आपला अपराधी,
धनंजय

---

शहापूर
१८ ऑक्टोबर २०२५

चि. धनंजय यास आशीर्वाद.

तू डायरी लिहितोस, पण वाचत नाहीस काय रे? तुझ्याच अक्षरात आहे, दोन कडवी बोटं चालू होती. मामाजीले वाद्यच नको असतं तर पहिल्याच सुराले खिडकी लागली असती. दोन कडवी त्याइनं जवायाले ऐकलं. मंग तिसऱ्यानंतर असं काय झालं? मी तान मारली. म्हणून मी रीनाले विचारलं, की त्या आठ मात्रांत आधी काय होतं. ती पोळी लाटत होती, तिचे हात थांबले. पुढचं तिलेच लिहाले सांगतो.

धनू, ती जागा आईची आहे. बाबा विचारायचे, कोण जागं हाय दारी, आणि बायकांच्या ओळीतून आई एकटी उत्तर द्यायची, जागे आहो देवा, जागे आहो. खालच्या सुरात, बोलल्यासारखं. मी दहा वर्षांची होती, तिचा पदर धरून रोज जायची. तू लहान, पांघरुणात असायचा. मोठा झाला तर नागपूरला गेला, आणि कोंढ्याला परत आला तो आई गेल्यावर. तिच्या नंतरच्या पहिल्या काकड्यात निर्मलाबाईंनी ती ओळ म्हणायला घेतली तर बाबांनी हात वर करून थांबवलं. तेव्हापासून तिथं टाळ वाजतात. हे वाजवत होते तेव्हा मी बाहेर आली, पण तुझ्या पत्रात ती जागा मोकळी लिहिलेली होती, मला वाटलं देवळात वाजवण्याआधी तू बाबांना विचारशीलच. म्हणून गप्प राहिली. विचारायला पाहिजे होतं. – तुझी ताई

वाचलंस? म्हणजे चूक तुझी एकट्याची नाही, उगीच सगळी ओढून घेऊ नको.

पुनवेले समाप्तीची फेरी गावातून निघते ना, तेव्हा मी येतो. त्या दिवशी एक वरात आहे, पण ती संध्याकाळची. त्या जागी मी थांबेन. सॅक्सोफोन तोंडातून काढून खाली धरीन, म्हणजे बोटं चाळवणार नाहीत. बावीस वर्षं वाजवून राहिलो, थांबणं मात्र आता शिकून राहिलो. रीना येणार नाही, पोरीची परीक्षा आहे.

पण मामाजीले विचाराचं काम तुझं. त्याइनं नाही म्हटलं तर मी नुसता टाळ वाजवाले येईन. तरीही येईनच.

तुझा,
भुपेंद्र

---

कोंढा
गुरुवार, ६ नोव्हेंबर २०२५

ती. रीनाताईस,
धनंजयचा सा. नमस्कार.

कालचं सगळं भाऊजींनी सांगितलं असेल. पण ते वाजवत होते, आणि त्यांना संध्याकाळच्या वरातीची घाई होती, म्हणून मी पुन्हा लिहितो.

तुझं पत्र वाचून मी निर्मलाबाईंकडे गेलो. विचारलं, की तुम्हाला माहीत होतं तर त्या रविवारी बोलल्या का नाहीत. त्या म्हणाल्या, मले वाटलं ताराचंदभाऊनंच जवायाले सांगितलं, मंग आपण कायले बोलाचं. मधुकरराव म्हणाले, त्यांनाही तसंच वाटलं. म्हणजे ज्यांना ठाऊक होतं ते सगळे मी विचारलं असेल असं धरून बसले, आणि मंडळात ज्याला ठाऊक नव्हतं तो एकटा मी, न विचारता.

पाडव्याच्या दिवशी बाबांजवळ बसलो. सांगितलं, की मला माहीत नव्हतं, मी झोपलेला असायचो. बाबांनी पाटी मांडीवर घेतली. मग लिहिलं, की तीच तुले उठवू देत नव्हती. मी ते डायरीत उतरवून घेतलं. नंतर सॅक्सोफोनचं विचारलं. त्यांनी लिहिलं, वाजवू दे, तिथं थांबला पाहिजे.

काल पहाटे फेरी निघाली. घरोघरी सडा, रांगोळ्या, दारात पणत्या. भाऊजी शालीतलं वाद्य छातीशी धरून चालत होते, आणि बायकांच्या ओळीतल्या ललिताबाईंनी विचारलंच, की लेकरू निजलं हाय काय. आपल्या दारात सगळे थांबले. बाबा दारापुढच्या सपरीत खुर्चीवर बसले होते. धुतलेलं धोतर, कानाला मफलर. मधुकररावांनी मृदंगावर थाप दिली आणि भाऊजींनी ‘कोण जागं हाय दारी’ उचललं. मंडळ मागून आलं. बाबांची बोटं खुर्चीच्या हातावर चालू होती. मी भजन म्हणत होतो, पण लक्ष त्या बोटांकडे होतं.

तिसरं कडवं संपलं. भाऊजींनी सॅक्सोफोन तोंडातून काढला आणि खाली धरला. टाळ वाजू लागले. मी मनात मोजत होतो. तिसऱ्या मात्रेला एक आवाज आला. रिकाम्या कोठीच्या तळाला सूप घासावं तसा. मला आधी कळलंच नाही तो कुठून येतो आहे. जागे आहो देवा, जागे आहो. ताई, आई म्हणायची ते सूर मी कधी ऐकले नव्हते, पण निर्मलाबाईंनी तोंडाला पदर लावला त्यावरून समजलो, की ते तेच आहेत. तिची ओळ खालच्या सुरातली. बाबांकडे जेवढा आवाज उरला आहे, तेवढ्यात ती बरोबर बसते.

मधुकररावांचा मृदंग चुकला. चौथं कडवं भाऊजींनी उचलायचं, पण त्यांचे ओठ जमेनात. सगळे वाट पाहत उभे. तेव्हा बाबांनी हात वर केला. थांबवायला नव्हे, उचला म्हणून. भाऊजींनी उचललं आणि ओळीच्या मधात, बाबा घ्यायचे तिथंच, श्वास घेतला.

काल्याच्या वेळी भाऊजी बाबांच्या पाया पडले. बाबांनी त्यांना मोठ्यानं, म्हणजे त्यांना जमेल तेवढ्या मोठ्यानं, सांगितलं, की जवाईबापू, ही वरात सरू देऊ नका. वीस वर्षांत पहिल्यांदा भाऊजी त्यावर हसले नाहीत. हे त्यांनी तुला सांगितलं नसणार, म्हणून लिहिलं.

डबा मिळाला. झाकण नाही. चंदानं बाबांची पाटी धुऊन त्यावर ठेवली आहे आणि बाबांनी ती परत मागितलेली नाही.

एक शेवटचं. काकडा काल संपला, आज पहाटे उठायचं काही कारण नव्हतं. पाचला अंधारात बाबांनी मला हाक मारली. पूर्ण नावानं, खरखरीत. काय काम आहे ते सांगितलं नाही. मी जागाच होतो. ओ दिली.

भाऊजींना नमस्कार, पोरीला आशीर्वाद. जशी लहानपणी माझी समजूत काढायचीस तशीच माया ठेव, अजून लागते.

तुझा,
धनू