परक्यांच्या भिंतीवरून

प्रिय टिटवे,

अक्षर ओळखलंस ना? मग आधी दार लोटून घे आणि किंचाळू नकोस. मी जिवंत आहे.

काल बांधकामावर आपल्याकडचा एक नवा गडी आला. विटा वाहताना तुमचं ते गाणं गुणगुणत होता, खुरपताना तुम्ही बायका म्हणता ते. शहरात जाऊन परत न आलेल्या प्रत्येकामागे त्यात एक ओळ वाढते. शेवटची ओळ ऐकली आणि माझ्या हातातली वाळूची चाळण गळून पडली.

पाठमोरा गेला बाई, रागारागानं गेला,
परक्यांच्या भिंतीवरून वाऱ्यानं ग नेला.

ही तूच रचलीस. मी वळून न बघता गेलो, ते फक्त तू पाहिलं होतंस. तुझ्याबद्दल वेडंवाकडं बोलला म्हणून कॉलेजच्या कारकुनाच्या कानाखाली काढली, शिकणं सोडलं, आणि वाटलं, वर्षभरात तुला मागणी घालायला ऐटीत येईन. कसली ऐट! इथेही मिस्त्रीशी भांडलो. त्यानं शिक्षा म्हणून मला दहाव्या मजल्यावर धाडलं. उंचीवर माझे पाय लटपटतात, हे तुलाही कधी सांगितलं नव्हतं.

खोलीतल्या सोबत्यानं ते ओळखलं. त्याला आम्ही रेडिओ म्हणायचो, झोपेतसुद्धा बंद व्हायचा नाही. म्हणाला, आण तुझा पास, तू माझ्या पासावर खाली वाळू चाळ. इथे चेहरा कोण बघतो, पासावरचा नंबर बघतात. दुपारी वर त्याच्या पायाखालची फळी निसटली. त्याच्या खिशात माझा पास, म्हणून वहीत मेला म्हणून माझं नाव लागलं.

मी वीस पावलांवर होतो. एरवी शब्दाला शब्द वाढवणारा मी, तोंडच उघडलं नाही. मुकादमानं दंड धरून बजावलं, गेला तो गेला, आता रेडिओ तूच. बोललास तर त्याला वर पाठवलं कुणी, हे पोलिसांना मी सांगेन. तीन दिवसांनी बाबा आले. तोवर इथल्यांनी जाळून सगळं उरकलं होतं. बाबांनी माझी पत्र्याची पेटी छातीशी धरली आणि फाटकातून चुकीच्याच बाजूला चालू लागले. सिमेंटच्या पोत्यांआडून मी बघत राहिलो. हाक मारली नाही. टिटवे, मी इतका भित्रा आहे.

आता पत्राचं खरं कारण लिहितो. रेडिओची बायको उद्या सकाळी येतेय. नवऱ्याचा महिनाभर फोन नाही, म्हणून लेकीला कडेवर घेऊन निघालीय. मुकादम म्हणतो, दोन दिवस गायब हो. मी जाणार नाही. पुढे मला कुठे नेतील ठाऊक नाही, म्हणून हे आज टाकतोय. बाबांना जवळ बसवून सावकाश वाच, त्यांचा हात धरून. उद्या ती फाटकाशी नवऱ्याच्या नावानं हाक मारेल, आणि समोर मी जाईन.

तुझाच,
भडकू