नागपंचमीच्या आतली माती

शुक्रवार, २३ जुलै १९५४
रातभर डोरा लागला नाही. काल आखाड्यातली माती उकरताना यायच्या पायाले कुदळ लागली. अंगठ्याजवर, खोल. रगत थांबलं, हे झोपले. मी यायच्या तोंडाकडंच पाहत बसली. जबडा हालते का नाही.
सकारी म्हनाले, "काय पाहून रायलीस? जखम पायाले हाये."
काय सांगू. माया पयला पोरगा आठ दिसाचा होता. तोंडच उघडे ना. सुईनीनं बेंबीले शेनाची राख लावली होती. गेला. मांगून माया दादानं गोंदियाच्या डॉक्टरले इचारलं. तो म्हने, धनुर्वात. शेनामातीतून येते. तवापासून कोनाले खरचटलं तरी मी त्याचा जबडाच पाहतो.

शनवार, २४
वस्तादजी पाहाले आले. कुस्तीच्या हौद्यातली मूठभर माती आनली, जखमेत दाबली. "कुछ नहीं होता, पहलवान. मारुतीची माती हाये. हेच औषध." हे हात जोडून बसले.
आखाडा भाइरून मीच झाडतो, मले माहीत हाये ते माती. पान्यानं गोठा पडला तवा वस्तादजीची म्हैस दहा दिस त्याच हौद्यात बांधली होती. म्हशीनं माती बाटली नाही. बाईच्या पायानं बाटते.
ते गेल्यावर जखम गरम पान्यानं धुतली. हे चिडले. "वस्तादजीचा हात धुतलास तू."

रविवार, २५
नागपंचमी नऊ दिसावर. त्या दिवशी कुस्त्या. आन पंचमीले जमिनीले कुदळ लावत नाही. त्याच्या आत सारी माती उकरून, चाळून, हरद ताक तेल घालून तयार पाह्यजे. यायले उभं राहवत नाही. माती झाली नाही त वस्तादजी दुसरा मानूस ठेवतीन, आखाड्याची ही खोली त्याले देतीन. आठ मह्यन्याची पोरगी घेऊन या पान्यापावसात कुठं जाऊ.
म्हनलं, "अजी, म्या करू का?"
यायनं पायावरचं फडकं सारखं केलं. मंग म्हनाले, "दुपारी कर. कवाड लावून घे. कोनाले सांगू नोको."
दुपारी पयलवान राहत नाहीत. पोरगीले झोक्यात टाकलं. मारुतीच्या पाया पडली, डोरे झाकून हौद्यात उतरली. काही झालं नाही. माती थंडगार होती, बस.
केलं. कोनी पाह्यलं नाही.

सोमवार, २६
खोलीची खिडकी आखाड्यात उघडते. हे बाजेवरून सांगतेत, मी उकरतो. "हातभर खोल गेलं पाह्यजे. फावडा चुलीवरच्या सराट्यासारखा कायले धरतेस? वरन हालवून रायलीस का?"
"मंग या ना जी, तुम्हीच हालवा."
दोघंबी हासलो. लय दिसानं.
मातीतून निघालं: दोन खिळे, छपराच्या कवेलूचे तुकडे, टोपलीभर सुकलं शेन. केस त इतके का एक उशी भरन.
केलं. कोनी पाह्यलं नाही.

मंगळवार, २७
हाताले फोड. चमचा धरवत नाही.
दादाले कार्ड लिवलं, धनुर्वाताची सुई पाह्यजे म्हनून. गोंदियाले राइस मिलच्या हापिसात हाये तो. तिथं फोन बी हाये. मांगं म्हनला होता, "बाई, काम पडलं त आमगावच्या ठेसनातल्या बाबूले सांगजो, तो फोन लावून देते." बाबूसंगं बोलाले मले भेव वाटते, म्हनून कार्ड.
यायनं पाह्यलं. "पाठवू नोको. तुया दादाचा आवाज मोठा. येईन, माती कोन उकरून रायलं ते पाहीन, साऱ्या गावाले आयकू जाईन. पंचमी होऊ दे."
कार्ड तांदळाच्या डब्याखाली ठेवलं.

गुरुवार, २९
जिवती. कागद भिंतीले लावला, पोरगीसाठी मांगनं मांगतलं. जिवती लेकराइची देवी, पन यायच्यासाठी बी मांगतलं. चालते का नाही, का मालूम.
सांजच्याले वस्तादजी आले. माती मुठीत घेतली, वास घेतला. "औंदा लोन्यासारखी झाली रे! बसल्या बसल्या केलीस का?"
हे म्हनाले, "हो जी."
मी कवाडाच्या मांगं उभी. खोटं कायले बोलू, बरं वाटलं.
भागरथामावशी आखाड्याच्या फाटकाजवर चने इकते. तिनं माया हात धरला. "काय वं, सडा टाकून असे फोड येतेत?" मी हात लुगड्यात लपवले. तिनं चने देल्ले अन् गेली.

शनवार, ३१
जखम सुकली. हे दोन पावलं चालले. "पाह्य, मातीनंच बरं झालं."
असन बाप्पा. आज झोपतो.

रविवार, १ ऑगस्ट
भात चावता येत नाही म्हनाले. दाढ दुखते म्हनाले.
म्हनलं, तोंड उघडा. दोनच बोटं जातेत. पयले तीन जात.
हौदा फळीनं सारखा केला, पानी शिपडलं. सारं झालं.

सोमवार, २
मान ताठ. पेज गालावरून वाहते. तोंड हासल्यासारखं झालं. हे हासून नाही रायले.
वस्तादजीले कवाडातून सांगतलं. "वस्तादजी, धनुर्वात हाये. सुई पाह्यजे. माया पयल्या पोराले असंच झालं होतं."
"काऊन असं अभद्र बोलतेस? जबड्यात वारा भरला असन. कल दंगल है, चांगला दिवस हाये, रडू नोको. कुस्त्या झाल्या का पाहू." अन् जबड्याले माती लावली. मीच चाळलेली.
माया पायानं झालं का हे? का म्हशीच्या शेनानं? का म्या कार्ड टाकलं नाही त्यानं? पायाचं मले समजत नाही. कार्डाचं समजते.

मंगळवार, ३, नागपंचमी
सकारपासून ढोल. भिंतीच्या त्या बाजूनं. ढोल वाजला का यायचं आंग कमानीसारखं वर उचलते. कानात कापूस घातला, लुगडं बांधलं. तरी.
आखाड्याच्या पायरीवर गेली, म्हनलं, ढोल थांबवा जी. एकजन बोलला, "बाई, मांगं हो. पायरीवर पाय देऊ नोको." कोनी म्हनलं, "पहलवानाची बायको अन् ढोलाले भेते!" हासले सारे.
ठेसनावर कशी जाऊ? सोडलं त हे बाजेवरून पडतेत. पोरगी रडून रायली. तिच्या रडन्यानं बी यायचं आंग आखडते.
भागरथामावशीले म्हनलं, तू सांग. ती म्हने, "मले चनेवालीले कोन आयकते वं? लिवून दे. फाटकाजवर शाळेचे गुरुजी बसले हायेत, कुस्त्याइचे जोड लिवून रायले. त्याइच्या हातात देतो." दुसरा कागद नाही. हेच वही देतो, डब्याखालचं कार्ड आत घालून.
पानं फाडाची होती. हौद्यात उतरल्याचं सारं यात हाये. फाडाले वेर नाही. वाचा. ज्या मातीवर तुम्ही आज लढून रायले ते म्या केली. खोली घ्याची असन त मंग घ्या.
गुरुजी, नाहीत जो कोनी वाचन तो, पयले ढोल थांबवा. मंग ठेसनावर जा, बाबूले सांगा. मिलचं नाव अन् दादाचं नाव आतल्या कार्डावर हाये. त्याले म्हना, बहिनीनं सांगतलं, सुईवाला डॉक्टर घेऊन ये, सांजच्या गाडीची वाट पाहू नोको.
तोंड अजून एक बोट उघडते. माया दादाले फोन करा.